दूध पाजतानाचे आच्छादन: गळ्याची दुरुस्ती

माझी मुलगी दोन महिन्यांची असताना स्वारगेटच्या बसस्थानकावर तिला ओढणीआड पाजायला घेतले, तेव्हा ओढणी सारखी घसरत होती आणि तिचा चेहराही मला दिसत नव्हता. म्हणून रविवार पेठेतून पांढरे मलमल आणले. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, त्यामुळे ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच 36 इंच रुंद आणि 26 इंच लांब बेतले, कडा दुमडून शिवल्या आणि वर गळ्यात अडकवायचा पट्टा लावला.

पहिल्याच वापरात खोट कळली. वरची कड सपाट होऊन माझ्या छातीला चिकटत होती, आत हवा खेळत नव्हती आणि बाळाने स्तन नीट तोंडात धरला आहे की नाही, हे वाकूनही दिसत नव्हते.

शेजारच्या काकू ब्लाउज शिवतात. त्यांनी बोनिंगची, म्हणजे कापडाला ताठपणा देणारी प्लॅस्टिक पट्टी घालायला सांगितले. वरच्या कडेची मधली शिवण उसवून मी 14 इंचांची पट्टी आत सरकवली. ती गुंडाळीतून येत असल्याने तिला मुळातच बाक असतो, तो बाहेरच्या बाजूला ठेवला. तिची टोके गोल कापून कापडात गुंडाळणे मात्र अजिबात टाळू नये, कारण टोकदार प्लॅस्टिक मलमल फाडून थेट बाळाच्या गालाला लागू शकते. गळ्याचा पट्टा बरोबर तिच्या दोन टोकांवर शिवला.

आता कड कमानीसारखी उभी राहते आणि पिता पिता वर पाहणारे मुलीचे डोळे मला दिसतात.