हँडलमागची पीपीएफ कडेने सुटत होती, ती अशी बसवली

गाडीच्या दाराच्या हँडलमागच्या वाटीत नखांचे ओरखडे फार पडतात, म्हणून तिथे घरीच पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक चिकट फिल्म, लावायला घेतली. साधारण २०० मायक्रॉन जाडीची टीपीयूची (लवचीक प्लास्टिकची) फिल्म. पहिल्या दारावर तासाभरात कडा उचलल्या. फिल्म सरकावी म्हणून फवारायच्या पाण्यात बेबी शाम्पू घालतात, तो जास्त पडला होता आणि वाटीत जुनं वॅक्स राहिलं होतं.

फिल्म काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने वाटी दोनदा पुसली आणि नवा तुकडा घेतला. या वेळी अर्धा लिटर पाण्यात शाम्पूचे चारच थेंब. फिल्म सरकवत मध्यावर आणली, मग मधून बाहेर स्क्वीजीने (पाणी निपटायच्या पट्टीने) पाणी काढत गेलो.

खरी परीक्षा कडांची. त्यासाठी वेगळी बाटली: तीन भाग पाणी, एक भाग अल्कोहोल. कड जराशी उचलायची, फवारायचं, अर्धा मिनिट थांबून दाबायचं. शाम्पू धुऊन निघतो, गोंद पकडतो. सुरकुती आली तर हेअर ड्रायरने हलकं गरम करा, पण ओढाताण नको. ताणलेली फिल्म नंतर आक्रसते आणि तीच कड पुन्हा सुटते.

आत राहिलेले पाण्याचे बारीक फुगे काही दिवसांत आपोआप गेले. आठवडाभर गाडी धुतली नाही.