आयरिश संसदेचा जुना सभासद हुडकायचा कसा (१७६८ ते १८००)

डब्लिनच्या जुन्या संसदेतला माणूस शोधायला बसलेले बहुतेक जण नाव घेऊन निघतात आणि तिथेच फसतात. कारण घराणी मोजकी आणि नावं तीच ती. जॉन बेरेसफर्ड म्हणजे वॉटरफर्ड काउंटीचे (काउंटी म्हणजे जिल्हा) वजनदार सभासद, आणि जॉन क्लॉडियस बेरेसफर्ड म्हणजे त्यांचा मुलगा, आधी स्वोर्ड्‌सचा आणि मग डब्लिन शहराचा. दोघे एकाच वेळी एकाच सभागृहात. फिट्झजेराल्ड आणि पॉन्सनबी यांच्या बाबतीत तर विचारूच नका. म्हणून आधी जागा पकडायची, मग तारीख, आणि नाव सगळ्यात शेवटी. या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय ‘सापडला’ असं म्हणू नये.

जागांचा हिशेब

कनिष्ठ सभागृहात ३०० सभासद होते. मतदारसंघ १५०, आणि प्रत्येकातून दोन. ३२ काउंट्यांचे ६४, ११७ बरोंचे २३४ आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे २. बरो म्हणजे सनद मिळालेलं गाव किंवा शहर. निदान कागदावर तरी. प्रत्येक जागेला दोन सभासद असल्यामुळे ‘ट्रिमचा सभासद’ एवढ्यावर थांबता येत नाही. दुसरा कोण होता हेही त्याच वेळी टिपून ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

जागेचं नाव लिहिताना ‘काउंटी’ की ‘बरो’ हे लिहायलाच हवं. आयरिश पुढारी हेन्री ग्रॅटन जानेवारी १८०० मध्ये परत आले ते विकलो बरोचे म्हणून, विकलो काउंटीचे म्हणून नव्हे. घाईत केलेल्या नोंदींत हा घोळ हमखास सापडतो. शिवाय फेथर्ड नावाचे बरो दोन, एक टिपेररीत आणि एक वेक्सफर्डमध्ये. सेंट जॉन्स्टाउनही दोन, एक डोनेगलमध्ये, दुसरा लाँगफर्डमध्ये. काही नावं आजच्या नकाशावर मिळणारच नाहीत. किंग्ज काउंटी म्हणजे आजचं ऑफली, क्वीन्स काउंटी म्हणजे लीश, मेरीबरो म्हणजे पोर्टलीश, फिलिपस्टाउन म्हणजे डँगन.

जागेचा धनी कोण?

इथे वेळ घालवा. सभासदानं काय केलं यापेक्षा त्याला जागा कुणी दिली हे कळलं, की त्याच्या निम्म्या मतांचा उलगडा होतो. काउंटीत खरी निवडणूक होत असे. वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन असलेला माणूस मत देई, आणि चुरस झाली तर खर्च डोईजड व्हायचा. १७९० साली डाउन काउंटीत रॉबर्ट स्ट्युअर्ट उभे राहिले, तेव्हा त्यांच्या घराण्याला सुमारे ६० हजार पौंड मोजावे लागल्याचं सांगतात. बरोंचा मामला निराळा. बऱ्याच बरोंत नगरमंडळाचे १३ जण मत देत. ते १३ जण एका जमीनदाराच्या पदरचे असले की निवडणूक म्हणजे नुसता उपचार. बेलफास्ट अशाच तऱ्हेनं डोनेगल घराण्याच्या हातात होतं. वेक्सफर्डच्या किनाऱ्यावरचं बॅनो तर वाळूखाली गेलं होतं. गाव नाही, माणसं नाहीत, पण सभासद मात्र दोन.

धनी शोधण्याची सगळ्यात सोपी वाट मागून पुढे जाते. १८०० च्या विलीनीकरणाच्या वेळी, म्हणजे डब्लिनची संसद ब्रिटनच्या संसदेत मिसळली तेव्हा, ज्या बरोंच्या दोन्ही जागा गेल्या, त्या प्रत्येकासाठी १५,००० पौंड भरपाई ठरली. असे ८४ बरो होते, म्हणजे एकूण १२,६०,००० पौंड. हे पैसे कुणाच्या हातात पडले याची यादी झाली, आणि ती यादीच जागांच्या मालकीचा पुरावा. लॉर्ड ईली यांना फेथर्ड, बॅनो आणि क्लॉनमाइन्स या वेक्सफर्डमधल्या तीन बरोंचे मिळून ४५,००० मिळाले. आता १७९० च्या दशकात क्लॉनमाइन्समधून आलेला सभासद कुणाच्या इशाऱ्यावर बसत-उठत असेल, हे वेगळं सांगायला नको. स्वोर्ड्‌समध्ये घरोघरच्या रहिवाशांना मत होतं, कुणा एकाची मालकी नव्हती. त्यामुळे तिथली रक्कम गावातल्या शाळेकडे वळवावी लागली.

ही यादी १८०० ची आहे हे मात्र विसरू नका. बरो विकले जात, लग्नात दुसऱ्या घरी जात, आणि एकेक जागा एका संसदेपुरती विकली जाई. १७७० चा सभासद तपासत असाल तर त्या वेळचा मालक निराळा असू शकतो. शिवाय जागा विकत घेऊन आलेला माणूस मालकाचा मिंधा असतोच असं नाही; पैसे मोजून मोकळं राहता यावं म्हणूनच काही जण जागा घेत.

तारखा लावताना

१७६८ च्या कायद्यानं संसदेची मुदत आठ वर्षांवर आणली. त्याआधी राजा जिवंत असेपर्यंत संसद चाले. दुसऱ्या जॉर्जची संसद १७२७ पासून १७६० पर्यंत चालली. या कायद्यानंतरच्या सार्वत्रिक निवडणुका १७६८, १७७६, १७८३, १७९० आणि १७९७ सालच्या. सभासदाची कारकीर्द यांपैकी एखाद्या वर्षी सुरू होत किंवा संपत असेल तर निर्धास्त राहा. मधलंच वर्ष दिसलं तर तिथे पोटनिवडणूक झाली आहे, आणि तिचं कारण शोधायलाच हवं. ग्रॅटन चार्लमाँटमधून १७७५ साली आले, कारण आधीचे सभासद, म्हणजे लॉर्ड चार्लमाँट यांचे भाऊ, समुद्रात बुडून गेले होते.

एका वर्षाचा फरक दिसला तर लगेच चूक धरू नका. १७६८ मध्ये निवडलेली संसद प्रत्यक्ष भरली ती ऑक्टोबर १७६९ मध्ये, आणि १७९७ ची जानेवारी १७९८ मध्ये. कुणी निवडणुकीचं वर्ष लिहितो, कुणी बैठकीचं. शिवाय १७८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अधिवेशन साधारणपणे वर्षाआड भरे, त्यामुळे एका वर्षी नाव कुठेच न दिसणं म्हणजे जागा गेली असं नव्हे.

जागा रिकामी होण्याची कारणं थोडीच: मृत्यू, उमरावपद मिळून वरच्या सभागृहात जाणं, दोन ठिकाणी निवडून आल्यावर एक जागा सोडणं, हकालपट्टी. साधा राजीनामा देता येत नसे. १७९३ च्या कायद्यानं सरकारी लाभाचं पद घेणाऱ्याची जागा रिकामी होऊ लागली आणि तिथून पळवाट निघाली: नावापुरतं पद घ्यायचं आणि बाहेर पडायचं. ‘मन्स्टरचा एस्चीटर’ किंवा अल्स्टर, लेन्स्टर, कॉनॉटचा एस्चीटर अशी नोंद दिसली की तिचा अर्थ ‘जागा सोडली’ एवढाच घ्यायचा. सभासदाला बढती मिळाली असं समजून चरित्रात लिहिणारे कमी नाहीत. पद देणं न देणं सरकारच्या हातात असल्यामुळे विलीनीकरणाच्या वादात या पदांना भलताच भाव आला.

कुठली कागदपत्रं, कुठल्या क्रमानं

पहिली पायरी म्हणजे १८७८ साली ब्रिटिश संसदेनं छापलेली सभासदांची अधिकृत यादी. तिच्या दुसऱ्या भागात १५५९ ते १८०० पर्यंतचे आयरिश सभासद आहेत. नाव आणि जागा मिळते, माणूस मिळत नाही. माणसासाठी एडिथ मेरी जॉन्स्टन-लीक यांचा २००२ साली निघालेला, १६९२ ते १८०० या काळाचा सहा खंडी इतिहास. मतदारसंघांची माहिती आधीच्या खंडांत, सभासदांची चरित्रं पुढच्या खंडांत. आधी चरित्र न वाचता मतदारसंघाचं पान उघडा, कारण मालक तिथेच कळतो.

तिसरी पायरी कनिष्ठ सभागृहाची छापील कामकाजपत्रं. त्यांत भाषणं नसतात. विधेयकं, अर्ज, समित्यांवरच्या नेमणुका आणि ‘अमक्याच्या जागी नवी निवडणूक घ्यावी’ असे आदेश असतात. पोटनिवडणुकीचं कारण हवं असेल तर हाच आदेश गाठायचा. स्कॅन केलेल्या प्रतींत शब्द शोधताना एक काळजी घ्या. त्या काळच्या छपाईत शब्दातलं ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखं दिसतं, आणि यंत्र त्याला ‘एफ’च वाचतं. त्यामुळे सभापती फॉस्टर हे ‘फॉफ्टर’ म्हणून सापडतात. दोन्ही रूपं टाकून पाहिल्याशिवाय ‘नोंद नाही’ म्हणू नका.

भाषणांसाठी १७८१ पासूनच्या वादविवादांचे छापील खंड आहेत, पण ते शब्दशः नाहीत. ऐकून, जुळवून, आवरून लिहिलेले आहेत. त्याहून भरवशाचं साधन म्हणजे लिस्मोरचे सभासद सर हेन्री कॅव्हेंडिश यांनी सभागृहात बसून घेतलेली लघुलेखनातली टिपणं. ती १७७६ ते १७८९ पर्यंतची असून आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.

मताच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नका. कामकाजपत्रात मतविभागणीचे आकडे आणि दोन्ही बाजूंच्या मोजणीदारांची नावं असतात, बाकी कुणाचं नाव नसतं. आकड्यांत मोजणीदार आणि सभापती धरलेले नसतात. ६ फेब्रुवारी १८०० च्या पहाटे विलीनीकरणाच्या बाजूनं १५८ आणि विरोधात ११५ मतं पडली. म्हणजे २७३, त्यात चार मोजणीदार आणि सभापती मिळवले की सभागृहात २७८ जण होते. कुणी कुठे मत दिलं हे बाहेर छापलेल्या याद्यांवरून काढावं लागतं. सर जोना बॅरिंग्टन यांच्या ‘लाल’ (विरोधात मत देणाऱ्यांची) आणि ‘काळी’ (बाजूनं मत देणाऱ्यांची) अशा याद्या प्रसिद्ध आहेत. ते स्वतः सभासद होते, विलीनीकरणाचे कट्टर विरोधक होते, आणि रंगवून सांगण्याची त्यांना हौस होती. नावासाठी यादी वापरा. नावापुढच्या लाचेच्या शेऱ्याला दुसरा आधार मिळेपर्यंत तो बाजूला ठेवा.

हस्तलिखितांच्या मागे लागण्याआधी एवढं ध्यानात असू द्या, की डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधलं सरकारी दफ्तर ३० जून १९२२ रोजी स्फोटात आणि आगीत गेलं. जे उरलं ते बहुतांशी घराण्यांच्या खासगी कागदांत आहे, आणि त्यांतलं बरंचसं बेलफास्ट आणि डब्लिनच्या संग्रहांत पाहायला मिळतं. त्या कागदांत पौंड दिसला तर तो साधारणपणे आयरिश पौंड समजा. १३ आयरिश पेनी म्हणजे १२ इंग्रजी पेनी, तेव्हा १,३०० आयरिश पौंडांचे इंग्रजी १,२०० होतात.

एक सभासद लावून पाहू

असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३), अडगाव आणि गाविलगड म्हटलं की आपल्याकडे आर्थर वेलस्ली आठवतो. हाच माणूस १७९० मध्ये, जेमतेम एकविसाव्या वर्षी, डब्लिनच्या संसदेत होता. पण १७९० च्या यादीत ‘वेलस्ली’ शोधाल तर हात हलवत परत याल. १७९८ पर्यंत तो ‘वेस्ली’ असं लिहीत असे. स्कॅन प्रतीत तेही ‘वेफ्ली’ होणार.

म्हणून जागेपासून चला. मीथ काउंटीतला ट्रिम हा बरो. वेलस्लींच्या म्हणजेच मॉर्निंग्टन घराण्याचा तिथे वरचष्मा. १७८० मध्ये तिथून आर्थरचा थोरला भाऊ रिचर्ड निवडून आला, तोच पुढे गव्हर्नर जनरल झाला. १७८१ मध्ये वडील वारल्यावर तो अर्ल होऊन वरच्या सभागृहात गेला. १७८३ ते १७९० दुसरा भाऊ विल्यम, आडनाव वेलस्ली-पोल. १७९० पासून आर्थर. एकाच जागेवर तीन भावांची तीन आडनावं दिसतात, कारण पोल हे नाव विल्यमला वारशासोबत मिळालं आणि जुनी ‘वेलस्ली’ जोडणी घराण्यानं हळूहळू परत उचलली. अर्लचा मुलगा म्हणून आर्थरच्या नावाआधी ‘ऑनरेबल’ लागतं, तीही खूण धरा. जानेवारी १७९३ मध्ये त्यानं राजाला द्यायच्या उत्तरादाखलच्या ठरावाला अनुमोदन दिलं; भाषण शोधायचं तर तिथे. १७९६ मध्ये तो पलटणीबरोबर हिंदुस्थानकडे निघाला, पण त्याची ट्रिमची कारकीर्द १७९७ पर्यंत दाखवतात. माणूस बोटीवर आणि नाव यादीत, यात विसंगती नाही.

किताबांमुळे नाव बदलण्याचा प्रकार याच पिढीत वारंवार दिसतो. डाउन काउंटीचे रॉबर्ट स्ट्युअर्ट १७९६ पासून याद्यांत ‘लॉर्ड कॅसलरे’ होतात. वडील अर्ल झाले म्हणून मुलाला मानाचा किताब मिळाला एवढंच. खुद्द उमराव नसल्यामुळे ते कनिष्ठ सभागृहातच राहिले. एकाच वेळी ब्रिटनच्या, म्हणजे लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या संसदेतही जागा असणं चालत असे. हेन्री फ्लड किलबेगनचे सभासद असतानाच आधी विंचेस्टरमधून आणि मग सीफर्डमधून वेस्टमिन्स्टरला बसले. दोन नोंदी मिळाल्या म्हणून दोन माणसं कल्पू नका.

धर्माची चाळणीही लावून पाहा. कॅथलिकांना १७९३ मध्ये मत मिळालं, पण या संसदेत बसायची मुभा शेवटपर्यंत मिळाली नाही. घराणं कॅथलिक आणि माणूस सभासद असं दिसलं, तर त्यानं किंवा त्याच्या वाडवडिलांनी धर्म बदलल्याची नोंद शोधा.

शेवटचा पेच १८०१ चा. तुमचा माणूस १८०० नंतर वेस्टमिन्स्टरमध्ये दिसतो आणि निवडणूक मात्र सापडत नाही, असं होईल. आयर्लंडला तिथे १०० जागा मिळाल्या. काउंट्यांच्या ६४ तशाच राहिल्या, डब्लिन आणि कॉर्क शहरांना दोन-दोन, ट्रिनिटी कॉलेजला एक, आणि आणखी ३१ बरोंना एकेक. या ३१ ठिकाणी आणि कॉलेजात सभासद दोन आणि जागा एक. दोघांतला एक आपणहून बाजूला झाला नसेल तर चिठ्ठी टाकून कोण जाणार ते ठरलं. नवी निवडणूक झाली ती १८०२ मध्येच. सुरुवातीला टिपून ठेवलेलं दुसऱ्या सभासदाचं नाव इथे काढा आणि तो १८०१ मध्ये कुठे दिसतो ते पाहा.