अकरावीचे विषय निवडताना सोलापुरात हमखास होणाऱ्या चुका

दहावीचा निकाल लागला की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मग, सायन्स ना?" हो म्हटलं की विषय संपला. पण सायन्स घेऊन नेमके कोणते विषय, हे फॉर्म भरताना घाईत ठरतं. आणि सोडलेला विषय आठवतो तो बारावीनंतर, प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत पात्रतेची ओळ वाचताना.

गणिताला घाबरून गणित सोडणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. बारावीला गणित नसेल तर इंजिनिअरिंग जातं, आर्किटेक्चर जातं, वैमानिक होणं अवघड होतं. एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) नौदलात किंवा हवाई दलात जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही लागतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत घरचा चादरी-टॉवेलचा कारखाना आहे आणि मुलाला टेक्स्टाइल इंजिनिअर करायचंय, पण मुलाने पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) घेतलंय, असंही होतं. मागावर वाढलेल्या पोराला त्या एका विषयापायी ही पदवी हुकावी, याचं वाईट वाटतं.

कॉमर्सवाल्यांनीही सुटलो म्हणू नये. सीए फाउंडेशनमध्ये, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेत, गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा अख्खा पेपर असतो. अकरावी-बारावीला गणित नसलं तरी परीक्षेला बसता येतं, फक्त तो पेपर नव्याने शिकावा लागतो.

बायो म्हणजे फक्त डॉक्टर, शेती म्हणजे फक्त बायो

केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, जिल्हाभर डाळिंब आणि ऊस आहे, तरी बी.एस्सी. ॲग्रीचा विचार मेडिकलच्या नीट परीक्षेत मार्क कमी पडल्यावरच सुरू होतो. आपल्या राज्यात ॲग्रीला पीसीएम (बायोऐवजी मॅथ्स) आणि पीसीबी दोन्ही चालतात, प्रवेश राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेवर होतो. बी.फार्मसीचंही तसंच: फिजिक्स, केमिस्ट्री हवंच, तिसरा विषय मॅथ्स किंवा बायो. एमबीबीएसला मात्र बायोला पर्याय नाही.

मग फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो असे चारही विषय घ्यावेत का? पोराला खरंच दोन्हींत रस असेल तर जरूर. नुसतं "असू दे, बघू" म्हणून घेतलेले चार विषय नीट आणि सीईटी दोन्हींच्या अभ्यासाचं वाटोळं करतात. एखादा विषय नंतर सोडता येईल का, कधीपर्यंत, हे प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजात विचारून घ्या.

बायफोकलचे २०० मार्क

बायफोकल म्हणजे २०० मार्कांचा व्यावसायिक विषय; इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स मार्क चांगले देतं म्हणून घेतात. त्यासाठी दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडावा लागतो, बहुतेक वेळा बायो. इंजिनिअरिंग पक्कं असेल तर छान. मेडिकलचा विचार पाच टक्के जरी असला तरी घेऊ नका.

आधी क्लास, मग विषय

क्लाससाठी लातूरला खोली बघून ठेवली, फी भरली, आता पोरगं म्हणतंय मला लॉ करायचंय. पाच वर्षांच्या लॉला बारावीची कुठलीही शाखा चालते, दोन वर्षं फिजिक्स घोकायची गरज नव्हती. क्लासच्या नादात कॉलेजकडे पाठ फिरवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की बारावीला फिजिक्समध्ये ३० मार्क प्रात्यक्षिकाचे असतात.

ऑनलाइन अर्जातही गंमत होते. मित्र भरतो म्हणून पहिल्या पसंतीला कुठलंही कॉलेज टाकतात. पहिली पसंती लागली की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर.

निवड चुकलीच असेल तर

सायन्समधून कॉमर्स किंवा आर्ट्सला जाणं सोपं, उलट येणं जवळपास अशक्य. त्यामुळे अकरावीत सायन्स झेपत नाही असं दिसलं तर वर्ष संपायची वाट न बघता कॉलेजशी बोला. बायो राहून गेलेल्यांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये बारावीनंतर तो विषय अतिरिक्त म्हणून देऊन नीटला बसायची वाट मोकळी केली आहे. पुस्तकापेक्षा हातात पाना धरायला आवडतं अशा मुलाला दहावीच्या मार्कांवर पॉलिटेक्निक मिळतं, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश असतो.