पडवीतला मदरसा: मुलांना कुरआन वाचायला शिकवताना

आमच्या खाडीकाठच्या गावात मुलं सकाळी मराठी शाळेत जातात आणि असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजनंतर कायदा, म्हणजे अरबी अक्षरांचं पहिलं पुस्तक, काखेत मारून माझ्या पडवीत येतात. मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान होईपर्यंत वर्ग. याला 19 वर्षं झाली. आता शेजारच्या वाड्यांतल्या दोघीतिघी असाच वर्ग सुरू करायचं म्हणतायत. त्यांनी विचारलं म्हणून हे लिहितेय.

पहिली गोष्ट, मराठी अक्षरांत लिहिलेल्या सूरा, म्हणजे कुरआनातले अध्याय, मुलांच्या हातात देऊ नका. पहिल्या वर्षी मी ती चूक केली. मुलींना वहीत सूरा उतरवून दिल्या, एकीने आठ दिवसांत चार पाठही केल्या. मला केवढा आनंद झाला होता! मग नीट कान देऊन ऐकलं, तर ती सूरा इख्लासची सुरुवात साध्या ‘क’ने करत होती. कुरआनातला ‘कुल’ म्हणजे ‘सांग’. त्यातला काफ जिभेच्या मुळाशी, पडजिभेजवळून निघतो. साध्या काफने तोच शब्द ‘खा’ असा होतो. तिची जीभ वळवायला पुढे वर्ष गेलं. म्हणून आधी कान, मग अक्षर. पहिले पंधरा दिवस मी फळ्यावर काहीच लिहीत नाही. मी म्हणते, मुलं म्हणतात, बस.

अक्षरं सुरू झाली की हातआरसा जवळ ठेवा. जाल या अक्षरासाठी जिभेचं टोक दातांच्या फटीतून दिसलं पाहिजे, आणि ते मुलाने स्वतः बघितलेलं बरं. गैन हे अक्षर येत नसेल तर मीठपाण्याची गुळणी करायला लावा. घशात जो आवाज होतो तो धरून ठेवायचा. जाद या अक्षराला मात्र घाई नको. जिभेची कड वरच्या दाढांना लागायला हवी, आणि ते लहान मुलांना लवकर जमत नाही. मी त्याला दोन वर्षं देते. एखादा चांगला कारी, म्हणजे कुरआन शुद्ध म्हणणारा जाणकार, गावात आला तर मुलांना त्याच्यासमोर नक्की बसवा.

आपल्या मुलांची एक खास अडचण आहे. मराठीत ‘ज’ दोन प्रकारचा, ‘जीव’मधला वेगळा आणि ‘जागा’मधला वेगळा. मुलं जीम या अक्षरावर जबर, म्हणजे ‘अ’ची खूण, बघतात आणि ‘जागा’तला ज लावतात. सूरा नस्रच्या पहिल्याच आयतीत, म्हणजे ओळीत, ‘इजा जाअ’ येतं, तिथे हमखास गडबड होते. मी सांगते, जीम नेहमी ‘जीव’चा, जबर असो नाहीतर पेश, म्हणजे ‘उ’ची खूण. आणि ‘इजा’तला जाल या दोन्हींहून वेगळा, त्याला आरसा काढायचा.

पण हीच मराठी तजवीदला, म्हणजे कुरआनच्या शुद्ध उच्चारांच्या नियमांना, इतकी मदत करते की मला अजूनही नवल वाटतं. नून साकिनचे, म्हणजे स्वर नसलेल्या ‘न’चे, चार नियम मोठ्या मुलांनाही जड जातात. इजहार, इदगाम, इकलाब, इख्फा ही नावं मी सुरुवातीला घेतच नाही. फळ्यावर लिहिते ‘आंबा’ आणि विचारते, टिंबाच्या जागी तोंडातून काय आलं? सगळे म्हणतात, ‘म’. मग सूरा हुमजा उघडते. ‘लयुम्बजन्न’ या शब्दात नूनच्या डोक्यावर बारीकसा मीम छापलेला असतो, त्यावर बोट ठेवायला लावते. नूनपुढे बा आला की म. झाला इकलाब! नंतर इदगामसाठी ‘संयम’ मोठ्याने म्हणायला लावते. टिंब नाकात जातं आणि य दुप्पट होतो. सूरा जिलजालच्या शेवटी ‘खैरय्यरह’ म्हणताना नेमकं तेच होतं. ‘संवाद’ म्हटलं की सूरा लहबमधलं ‘लहबिव्वतब्ब’ आपोआप जमतं. गुन्ना, म्हणजे नाकातला आवाज, दोन हरकत, म्हणजे दोन मात्रा, टिकला पाहिजे. बोट एकदा मिटून उघडेपर्यंत.

वर्गाची वाटणी सोपी ठेवा. माझ्याकडे चौदा मुलं आहेत. प्रत्येकाचा सबक, म्हणजे नवा धडा, मी स्वतः ऐकते, रोज तीनचार मिनिटं, तेवढीच. आमुख्ता, म्हणजे मागचा धडा, थोरली मुलं धाकट्यांकडून म्हणवून घेतात. हिज्जे, म्हणजे अक्षरं सुटी करून जोडणं, पक्के झाल्याशिवाय रवां, म्हणजे सलग, वाचायला लावू नका. इथे पालकांशी वाद होतो. शेजारच्या मुलाचा खतम, म्हणजे पूर्ण कुरआन वाचून, झाला, आमच्याचा कधी, असं विचारतात. मी त्यांना पडवीत बसवते आणि मुलाकडून फातिहा, म्हणजे कुरआनातली पहिली सूरा, म्हणवून घेते. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, फातिहाच्या सात आयती बिस्मिल्लाहपासून मोजतो. सातही आयती स्वच्छ आल्या की पालक स्वतःच म्हणतात, आपा, सावकाश होऊ दे. छडी मी ठेवत नाही. कुरआन म्हटल्यावर मुलाला मार आठवावा, हे मला सहन होणार नाही.

अर्थ पहिल्या दिवसापासून सांगा, आणि मराठीत सांगा. मालक, हिसाब, वकील, हुकूम हे शब्द मुलं घरातून घेऊनच येतात. फक्त दाखवून द्यायचं. मागच्या उन्हाळ्यात सूरा अलक चालू होती. ‘अल्लम बिल कलम’ वाचलं, तसा एक बागायतदाराचा मुलगा अंगणातल्या हापूसकडे बघत म्हणाला, ‘आपा, हेच कलम?’ मी म्हटलं, ‘शब्द तोच. इथे अर्थ लेखणी. पूर्वी बोरूची काडी तासून लिहायचे, आणि तुझे बाबा झाडाची काडी तासून कलम बांधतात.’ तो उठला, खाली पडलेली एक काडी घेऊन आला आणि त्या काडीने अंगणातल्या मातीत उजवीकडून डावीकडे काफ, लाम, मीम लिहू लागला.