घरच्या वर्कशॉपसाठी बँडसॉ घेताना

बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याने लाकूड कापणारी करवत. तिचा आकार चाकाच्या व्यासावरून सांगतात. १४ इंची मशीन म्हणजे पातं आणि मशीनचा खांब यांमध्ये त्याहून थोडी कमीच जागा. पण घरी काम करणाऱ्याला खरी अडचण येते ती उंचीची. वरचा गाइड (पात्याला सरळ धरणारा भाग) पूर्ण उचलल्यावर टेबलापासून किती इंच जागा उरते, हे आधी विचारा. सागवानाच्या जाड तुकड्यातून पातळ फळ्या काढायच्या असतील तर ६ इंचांपेक्षा कमी उंची लवकरच तोकडी पडते. त्या कामाला मोटरही १ ते १.५ एचपीची हवी, आणि घरात थ्री फेज नसेल तर सिंगल फेजचीच मागा.

चकचकीत रंगावर जाऊ नका. प्लग काढून वरचं चाक हाताने फिरवा. ते डुगडुगत असेल तर ते मशीन तिथेच सोडा. पात्याला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून टेबल काटकोनात बसतं का पाहा. फेन्स (लाकूड सरळ सरकवायची टेबलावरची आडपट्टी) घट्ट केल्यावर जोराने ढकलून बघा, दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. बिडाचं जड टेबल असलं की थरथर कमी होते.

सोबत मिळणारं पातं बहुधा सुमारच असतं, तेव्हा चांगल्या पात्याचे पैसे वेगळे धरा. फळ्या चिरायला अर्धा इंच रुंद, इंचाला ३-४ दात्यांचं. वळणदार कापाला पाव इंची. पात्याची लांबी बाजारात सहज मिळणारी आहे ना, हेही विचारा, नाहीतर दरवेळी हव्या लांबीचं पातं जोडून घेत बसावं लागेल.