केमोच्या दिवशी मळमळ आणि धास्ती : सुगंधाची मदत कशी घ्यावी

केमोची तारीख जवळ आली की काही रुग्णांना आदल्या दिवसापासूनच मळमळायला लागतं. दवाखान्याच्या वासानेही पोटात ढवळतं. अशा वेळी सुगंधी तेलाचा आधार घेता येतो. मात्र त्याने आजार बरा होत नाही आणि उलटीच्या गोळीची जागाही ते घेत नाही. गोळ्या वेळेवर चालूच ठेवायच्या.

१. आधी डॉक्टरांना विचारा. दमा किंवा फिट्सचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय काहीच हुंगायला देऊ नका. ऑक्सिजन लावलेला असताना तेल जवळही आणू नये, कारण ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ सहज पेट घेतात.

२. वास रुग्णालाच निवडू द्या. धास्तीसाठी बहुधा लॅव्हेंडर वापरतात. मळमळीसाठी पेपरमिंट, आलं किंवा लिंबू. पण नाक ज्याचं, निवड त्याची. केमोमध्ये वास बदललेले जाणवतात, त्यामुळे काल आवडलेला वास आज नकोसा होऊ शकतो. आणखी एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: रुग्णाचा लाडका वास इथे वापरू नका. मोगरा जिवापाड आवडत असेल तर तो घरीच राहू द्या. मळमळीच्या वेळी नाकात असलेला वास मेंदू मळमळीशीच जोडून टाकतो आणि पुढे तो गजराही सोसवत नाही. नवा, साधा वास बरा.

३. बाटली पारखून घ्या. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव हवं; लॅव्हेंडरसाठी ‘लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया’. नुसतं ‘फ्रेग्रन्स ऑइल’ लिहिलेलं नको.

४. कापसाच्या बोळ्यावर एकच थेंब. बोळा छोट्या झिपच्या पिशवीत ठेवा. मळमळ वाटली की पिशवी उघडून नाकापासून वीतभर लांब धरा आणि तीन-चार वेळा सावकाश श्वास घ्यायला सांगा. नाकाने आत, तोंडाने बाहेर. निम्मा आराम या संथ श्वासानेच मिळत असेल, तरी काय बिघडलं? डोकं दुखलं, खोकला आला किंवा मळमळ वाढली तर पिशवी लगेच बंद करा. वॉर्डात डिफ्यूझर (हवेत सुगंध पसरवणारं यंत्र) मुळीच नको. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही नाक आहे.

५. झोपेआधी हाताला हलकं मालिश. दोन चमचे खोबरेल तेलात लॅव्हेंडरचे दोन थेंब. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. सलाइनची जागा, जखम आणि रेडिएशन दिलेली त्वचा टाळा. जोर लावू नका, नुसता हात फिरवा. घाबरलेल्या माणसाला त्या स्पर्शानेही खूप धीर येतो.

तेल पोटात कधीच घ्यायचं नाही. निलगिरी आणि कापराचं तेल लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. थोडंसं गिळलं तरी झटके येऊ शकतात. तसं झालं तर उलटी करवू नका, बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.