कुलधरा बघायला जाताना: आधी विहीर, मग भूत

कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव, शापित म्हणून प्रसिद्ध. जैसलमेरहून समच्या वाळूच्या टेकड्यांना नेणारे ड्रायव्हर ते परतीच्या वाटेवर, संध्याकाळी दाखवतो म्हणतात. ऐकू नका. सूर्यास्ताच्या सुमारास फाटक बंद होतं आणि पदरी फक्त गाडीत रंगवलेली भुताची गोष्ट पडते. क्रम उलटा लावा: सकाळी कुलधरा, दुपारी खाभा हे पालीवालांचं दुसरं ओसाड गाव, सूर्यास्ताला सम. कुलधरा शहराच्या पश्चिमेला साधारण १८ किलोमीटरवर आहे. टॅक्सी किंवा भाड्याची दुचाकी, दोन्ही चालतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. माणशी दोन लिटर पाणी, जाड तळाचे बूट आणि निदान दोन तास हाताशी ठेवा.

गोष्ट आधीच ऐकून घ्या, कारण कुणीतरी ती ऐकवणारच. जैसलमेर संस्थानाचा दिवाण सालिम सिंगची नजर गावच्या मुखियाच्या मुलीवर पडली, त्याने मुदत दिली. पालीवाल ब्राह्मणांची ८४ गावं एकत्र बसली आणि एका रात्रीत सगळी निघून गेली. जाताना शाप दिला: इथे पुन्हा कुणी नांदणार नाही. आता सांगणाऱ्याला साल विचारा. बहुतेकदा १८२५ची राखीपौर्णिमा असं उत्तर मिळतं. सालिम सिंग १८२४मध्येच मेला होता.

म्हणून दिवाणाला निर्दोष सोडायचं असं नाही. त्याने पालीवालांना पिळून देशोधडीला लावलं, हे त्याच काळात राजपुतान्यात असलेल्या कर्नल जेम्स टॉड या ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंदवलं आहे. मुलीच्या गोष्टीमागे सारावसुलीचा हा जाच उभा आहे. सालिम सिंगची हवेली जैसलमेर शहरात आजही आहे. आदल्या दिवशी ती बघून घेतली तर त्या पैशाचा अंदाज येतो.

फाटकातून आत गेल्यावर गच्चीवर फोटो काढायला धावू नका. आधी गावाच्या कडेने जाणाऱ्या काकणी नदीच्या कोरड्या पात्राकडे जा, मग विहिरींकडे. १८१५च्या सुमारास गावातल्या बहुतेक विहिरी आटल्या होत्या. १८५०पर्यंत एक पायविहीर आणि दोन खोल विहिरीच काय त्या उरल्या. याच्या शेजारी माणसांचे आकडे ठेवून बघा: भरभराटीच्या काळी अंदाजे १,५८८, १८१५मध्ये सुमारे ८००, १८९०मध्ये ३७. एका रात्रीत ओस पडलेल्या गावाचा हिशेब असा लागत नाही. गाव झिरपत रिकामं झालं. सारा वाढत गेला, पाणी उतरत गेलं. दोन्हींत टिकणार कोण?

मग घरं. गाव सुमारे ८६१ मीटर लांब आणि २६१ मीटर रुंद, मध्ये देवीचं मंदिर. उत्तर-दक्षिण तीन मोठे रस्ते आणि त्यांना छेदणाऱ्या गल्ल्या आहेत. मधल्या रस्त्याने चाललात तर चुकत नाही. कोसळलेली छतं, तुळया, खांब यांवरून इथे भूकंप झाला असावा, असं २०१७च्या एका अभ्यासाने मांडलं. हे तपासताना एक गफलत हमखास होते: काही घरं अलीकडे नव्याने बांधलेली आहेत. सरळ थर, धड छत दिसलं की ते घर पुराव्यातून वगळा. भिंतींवर चढू नका, दगड सुटे आहेत. ढिगाऱ्यात हात घालू नका, सापविंचू असतात.

स्मशानातल्या स्मृतिशिळा वाचताना भट्टिक संवत ही इथली जुनी कालगणना लक्षात ठेवा. त्यात ६२३ मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. इथले दोन लेख इसवी सन १२३५ आणि १२३८चे आहेत. म्हणजे गाव किमान सहाशे वर्षं नांदलं. शापाच्या गोष्टीत ही सहाशे वर्षं कुणी मोजत नाही.

भूत शोधायला थर्मामीटर घेऊन येणारे थंड डाग दाखवतात. जाड आणि पातळ दगड वेगवेगळ्या वेगाने निवतात, सावलीतली भिंत उन्हातल्या भिंतीपेक्षा गार असते. एवढ्यानेही काटा बराच हलतो.

इथून खाभ्याला जा. तिथल्या किल्ल्यावरून खाली पालीवालांच्या दुसऱ्या ओसाड गावाचा आराखडा एका नजरेत दिसतो, जो कुलधऱ्यात गल्लीतून फिरताना कळत नाही. वाटेत खडीन ओळखायला शिका: उताराच्या खालच्या अंगाला लांब मातीचा बांध, पावसाचं वाहतं पाणी त्याच्याशी अडतं, जमिनीत मुरतं आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा येतो. पालीवालांची श्रीमंती यातून आली. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर उजाड माळावर मध्येच हिरवा तुकडा दिसेल. गाडी थांबवा, पण बांधावरून चालू नका, तो अजून कुणाच्या तरी शेताचा आहे.